समुद्रातले काजवे

कोकणच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत कधी कधी रात्री एक नवल दिसते. लाट येते, वाळूवर फुटते, आणि फुटताना तिच्या काठाला निळा उजेड होतो. लाट विरली की उजेडही विरतो. पुढची लाट आली की पुन्हा उजेड. वल्हे पाण्यात पडले तर वल्ह्याभोवती उजेड होतो. मासा पळाला तर त्याच्यामागे उजेडाची रेघ उठते. पाहणारे म्हणतात, पाणी पेटले.

पाण्याने विस्तव विझतो हे लहान मूलही जाणते. मग पाणीच पेटेल कसे? आपण दौंड तालुक्यातली माणसे. आपल्या खुटबावापासून समुद्र लांब, मधे सह्याद्रीचा डोंगर उभा. आपल्या ओळखीचे पाणी म्हणजे विहिरीचे, कालव्याचे आणि मुळामुठेचे. ते काही रात्री उजळत नाही. म्हणून ही गोष्ट कुणी सांगितली तर आपण म्हणतो, काहीतरीच काय! किंवा म्हणतो, भुताटकी असेल. कोकणातही पूर्वी रात्री दूर दिवे दिसले की वेताळाची पालखी निघाली असे म्हणत.

पण भूत नाही आणि थापही नाही. 2020 सालच्या नोव्हेंबर महिन्यात मुंबईला जुहूच्या किनाऱ्यावर, रत्नागिरी जिल्ह्यात वेळणेश्वरला आणि सिंधुदुर्गात देवगडला हा निळा उजेड शेकडो लोकांनी पाहिला. वर्तमानपत्रांत फोटो आले.

आता जरा आपल्या शिवाराकडे वळू. काजवा तुम्ही पाहिला आहे. पावसाळा तोंडावर आला की झाडाझुडपांत लुकलुकतो. मुठीत धरला तर हात भाजतो का? मुळीच नाही. म्हणजे उजेड आहे, पण ऊब नाही. आपल्या जुन्या काचेच्या दिव्याची गोष्ट उलटी. त्याला हात लावला तर चटका बसे, कारण विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच जाई आणि थोडकाच उजेड मिळे. काजव्याचा उजेड थंड आहे.

आपल्याच पुणे जिल्ह्यात भीमाशंकरच्या रानात दुसरे नवल आहे. भर पावसाळ्यात तिथली कुजलेली लाकडे आणि पालापाचोळा अंधारात हिरवट उजळतो. लाकडावर एक जातीची बुरशी वाढते, तिचा तो उजेड. तिला मायसेना म्हणतात. ज्या भीमेचे पाणी आपल्या तालुक्याला मिळते, ती भीमा त्याच डोंगरात उगम पावते.

काजवा हा किडा. मायसेना ही बुरशी. आणि समुद्रात उजळतो तो एक अगदी बारीक जीव. त्याचे नाव नॉक्टिल्युका. हा लॅटिन भाषेतला शब्द आहे. अर्थ, रात्री चमकणारा. हा जीव खसखशीच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही बारीक असतो. गोल असतो आणि शिजलेल्या साबुदाण्यासारखा पारदर्शक असतो. त्याला एक छोटी शेपटी असते. डोळे नाहीत, पोट नाही, हाडे नाहीत. सगळा जीव एकाच पेशीचा. तो पोहत नाही, पाण्यात नुसता तरंगतो. वारा आणि प्रवाह नेईल तिकडे जातो. असे लाखो जीव एका जागी जमले म्हणजे पाणी पेटल्यासारखे दिसते.

हा जीव सारखा पेटत नाही, ही त्यातली गंमत. पाणी शांत असेल तर अंधारच असतो. पाणी हलले, त्याला धक्का लागला, की तो एकदा चमकतो. तेही किती वेळ? एका सेकंदाच्या दहाव्या भागाइतका. डोळ्याची पापणी लवते ना, तेवढासुद्धा नाही. पण लाखो जीव एकामागून एक चमकतात, म्हणून आपल्याला पाणी उजळलेले दिसते.

हा उजेड होतो कसा? याचा शोध एका दिवसात लागला नाही. 1667 साली इंग्लंडात रॉबर्ट बॉइल नावाच्या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. त्याने उजळणारे कुजके लाकूड काचेच्या भांड्यात ठेवले आणि भांड्यातली हवा पंपाने काढून घेतली. लाकडाचा उजेड गेला. हवा परत आत सोडली. उजेड परत आला! म्हणजे या उजेडाला हवा लागते. हवेतला प्राणवायू लागतो, हे पुढे कळले.

त्यानंतर दोनशेवीस वर्षांनी, 1887 साली, फ्रान्समध्ये राफाएल द्युबॉय याने उजळणाऱ्या शिंपल्यांवर प्रयोग केला. त्याने काही शिंपल्यांतले मांस थंड पाण्यात कालवले. ते पाणी थोडा वेळ उजळले आणि मग विझले. दुसऱ्या शिंपल्यांतले मांस त्याने खूप गरम पाण्यात कालवले. ते उजळलेच नाही. मग त्याने ही दोन्ही पाणी गार असताना एकत्र केली. लगेच उजेड पडला! यावरून त्याने ताडले की पदार्थ दोन आहेत. एक जळणासारखा खर्ची पडतो. त्याला त्याने लुसिफेरिन नाव दिले. दुसरा ते काम घडवून आणतो, पण उष्णतेने नासतो. त्याला नाव दिले लुसिफेरेज. आपल्या विड्यासारखेच म्हणा ना. नुसत्या काताने तोंड लाल होत नाही, नुसत्या चुन्याने तर जीभ पोळते. दोन्ही एकत्र आले की विडा रंगतो. काजव्याच्या, बुरशीच्या आणि समुद्रातल्या जीवाच्या अंगातले पदार्थ एकच नव्हेत, पण रीत साधारण अशीच आहे.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. पुष्कळ शिकलेली माणसेदेखील सांगतात की समुद्रात फॉस्फरस असतो, तो चमकतो. फॉस्फरस म्हणजे आपल्या खताच्या पोत्यावर लिहिलेले स्फुरद. समुद्राच्या पाण्यात स्फुरद असते हे खरे. पण ते काही चमकत नाही. तसे असते तर खत टाकल्यावर आपला ऊसही रात्री चमकला असता.

बरे, या जीवाला चमकून मिळते काय? त्याला खायला बारीक कोळंबीसारखे किडे येतात. त्यांचा धक्का लागला की हा एकदम चमकतो. किडा दचकतो आणि पळतो. शिवाय त्या उजेडात तो किडाच मोठ्या माशाच्या नजरेस पडतो. चोर घरात शिरताच कुणी बत्ती लावून ओरडावे, तसा हा प्रकार आहे.

आता कोळ्यांची बाजू ऐका. आपल्याला पाणी उजळले तर मौज वाटते. कोळ्याला प्रत्येक वेळी वाटत नाही. अंधाऱ्या रात्री तारलीचा किंवा बांगड्याचा थवा पाण्यात फिरला की उजेडाचा ढग हललेला दिसतो. जाळे कुठे टाकावे ते जाणत्या कोळ्याला त्यावरून कळते. हा फायदा. पण जाळेही उजळते, आणि मासा ते पाहून बाजूने निघून जातो. हा तोटा. आणि हे जीव फारच माजले तर बांगडा तो भागच सोडून जातो. मलबार आणि कानडा किनाऱ्यावर असे घडल्याचे शास्त्रज्ञांनी 1950 सालीच लिहून ठेवले आहे. या जीवाच्या अंगात अमोनिया साठतो. गोठ्यात सकाळी मुताचा उग्र वास नाकात शिरतो ना, तोच अमोनिया. त्याने तो पाण्यात हलका होऊन तरंगतो. पण मेल्यावर तोच अमोनिया पाण्यात उतरतो आणि माशांना बाधतो.

अरबी समुद्रात हा जीव दिवसा हिरवा दिसतो. त्याच्या पोटात हजारो हिरवे सूक्ष्म जीव राहतात. ते जणू भाडेकरू आहेत. ते उन्हावर अन्न तयार करतात आणि घरमालकाला भाडे म्हणून देतात. थंडीत ईशान्येकडचा वारा सुटतो, समुद्राचे वरचे पाणी गार होते, खालचे सकस पाणी वर येते, आणि मग यांची वाढ होते. 2000 सालानंतर ही वाढ अरबी समुद्राच्या उत्तर भागात दर हिवाळ्यात दूरदूर पसरलेली दिसू लागली. 2014 साली भारतातल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मिळून यावर निबंध प्रसिद्ध केला. पाण्यातला प्राणवायू कमी होत चालला आहे आणि हा जीव कमी प्राणवायूत तग धरतो, असे त्यांनी दाखवले. मोठ्या शहरांचे सांडपाणी याला किती जबाबदार आणि तापते हवामान किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मासे मात्र याला फारसे खात नाहीत. याला खातात जेलीफिश. त्यांना बाजारात कोण विचारतो!

असो. आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे आम्हाला पाहायला मिळेल का? मिळेल. पण हा काही सिनेमाचा खेळ नव्हे, की तिकीट काढले आणि सुरू झाला. एका रात्री दिसते, दुसऱ्या रात्री नाही. जो माणूस पैसे घेऊन हमखास दाखवतो म्हणेल, त्याला हात जोडावेत.

कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस बरे. पंचांग पाहावे. वद्य षष्ठीपासून शुद्ध तृतीयेपर्यंत रात्रीच्या पहिल्या प्रहरात चांदणे फारसे नसते, तेव्हा जावे. स्वारगेटहून कोकणात एस. टी. जाते. किनाऱ्यावर दिव्यांपासून दूर उभे राहावे. बॅटरी आणि मोबाइल बंद ठेवून वीस मिनिटे नुसते थांबावे. तेवढ्या वेळात डोळे अंधाराला सरावतात. मोबाइलच्या फोटोत रंग गर्द निळा येतो, डोळ्यांना तो फिका, कधी पांढुरका दिसतो. त्याने हिरमुसू नये.

यासाठी होडीत बसलेच पाहिजे असे नाही. वाळूवरूनही फुटती लाट छान दिसते. अंदमानात छोट्या होड्यांतून रात्री हा उजेड दाखवायला नेतात. अमेरिकेजवळ पोर्तो रिको म्हणून बेट आहे, तिथे व्हिएकेसच्या खाडीत तर हा मोठा धंदा आहे. पण त्या खाडीत पोहायला बंदी आहे. आपल्याकडे पर्यटकांच्या होड्या बहुतेक ठिकाणी दिवसाच चालतात. म्हणून रात्री होडी नेण्याची परवानगी आहे का, हे आधी बंदराच्या कचेरीत विचारावे. नाही म्हणाले तर नाही. होडीवाला गावचा, माहितगार हवा. प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट हवे आणि त्याचे पट्टे बांधलेले हवेत. जाकीट मांडीवर घेऊन बसलेली माणसे मी पाहिली आहेत. ते काय उशी आहे?

पाण्यात उतरू तर मुळीच नये. विहिरीत पोहणारा माणूस समुद्रात पोहू शकतो असे नाही. ओहोटीचे पाणी पायाखालची वाळू नेते आणि माणसाला आत ओढते. 1 फेब्रुवारी 2016 रोजी रायगड जिल्ह्यात मुरूडला सहलीला गेलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी बुडाले. तेही भरदिवसा. रात्री तर बुडणारा दिसतही नाही.

होडीत आणखी एक धोका आहे, तो खास या उजेडाचाच. आमच्या गावची आठ-दहा मंडळी एकदा देवगडकडे गेली होती, मीही होतो. खाडीत, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर होडी नेली होती. एका आजीबाईंनी पाण्यात हात घातला आणि पाच बोटांच्या पाच निळ्या रेघा उठल्या. "गुरुजी, ह्ये बघा, पानी पेटलं!" असं त्या ओरडल्या मात्र, सगळे त्या बाजूला धावले. होडी कलली. तांडेल मागून गरजला, "सगळे एका बाजूक इलास तर होडी उलटतली!" मंडळी जागच्या जागी बसली. मग त्याने नियम घालून दिला. डावीकडच्यांनी डावीकडे पाहायचे, उजवीकडच्यांनी उजवीकडे. उठायचे कुणीच नाही. दोन्ही बाजूंना उजेड सारखाच आहे, कुणाचे काही कमी होत नाही.

आजीबाईंनी नातवासाठी त्या पाण्याची एक बाटली भरून घेतली. मुक्कामावर अंधाऱ्या खोलीत ती हलवली तेव्हा आत ठिणग्या उडाल्या. गावी पोहोचेपर्यंत ठिणग्या कमी झाल्या होत्या. बाटलीत ना खाणे, ना मोकळी हवा. दोन दिवसांनी पाण्याला वास सुटला आणि आजीबाईंनी ते ओतून दिले. नातवाने विचारले, "आजी, यात काजवे होते ना? ते कुठं गेले?"