गोव्याचे सलग सहा करंडक

भारतातली पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि तिचं पहिलं विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटी संघानं पटकावलं. त्याआधी संतोष करंडक, ड्युरँड, रोव्हर्स अशा स्पर्धा होत्या. पण वर्षभर घरच्या आणि परक्या मैदानावर आळीपाळीनं खेळायचं, ही लीगची खरी शिस्त देशपातळीवर नव्हती.

२००७ मध्ये तिच्या जागी आय-लीग आली आणि पहिले सहाच्या सहा करंडक गोव्यात गेले. धेंपोनं तीन, चर्चिल ब्रदर्सनं दोन, साळगावकरनं एक. जेमतेम पंधरा लाख वस्तीच्या राज्याचा हा पराक्रम मला आजही थक्क करतो.

पण हे क्लब उद्योगघराण्यांच्या पैशावर उभे होते. तिकीटविक्री आणि प्रक्षेपणहक्कांतून खर्च निघत नसे, त्यामुळे मालकानं हात आखडता घेतला की संघच संपे. २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता, मुंबईचा महिंद्रा युनायटेड, २०१० मध्ये बंद झाला. पुढच्याच वर्षी जेसीटीही.

२०१४ मध्ये आठ संघांची इंडियन सुपर लीग आली. तिनं मैदानं भरली, दूरचित्रवाणीवर फुटबॉल झळकला. मात्र खालून वर येण्याची वाट बंद होती. २०१६ मध्ये धेंपो आणि साळगावकर आय-लीगमधून बाहेर पडले. आय-लीग जिंकून वरच्या लीगमध्ये जाण्याची सोय झाली ती थेट २०२३ मध्ये, पंजाबच्या संघापासून.