स्फोट किती वाजतां झाला ?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील शाळकरी मुलांना महायुद्धावर ‘प्रकल्प’ करावयास सांगितला, कीं बहुतेक वह्यांतून लंडन आणि हिरोशिमा यांचींच चित्रें चिकटविलेलीं दिसतात. वास्तविक युद्धाची आंच आपल्या उंबरठ्यापर्यंत आली होती. ता. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजास आग लागली. त्यावर कापसाच्या गांठी आणि सुमारें १,४०० टन दारूगोळा होता ! लागोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले.

हा विषय मुलांनीं अवश्य घ्यावा. परंतु मृतांची संख्या कोठें ८००, तर कोठें १,३०० आढळेल. दोन्ही आंकडे लिहावे व प्रत्येकापुढें ग्रंथ, लेखक, पृष्ठ नोंदवावें; सरासरी काढूं नये. संकेतस्थळावरील मजकूर बदलत असतो, म्हणून तो पाहिल्याची तारीखही लिहावी. वर्तमानपत्रें वाचतांना सेन्सॉर विसरूं नये. वार्ताहरांना परदेशीं तपशील धाडण्यास मे महिना उजाडावा लागला. शत्रूच्या ताब्यांतील सायगांव रेडिओनें मात्र दुसऱ्याच दिवशीं सारें सांगून टाकलें.

खरी मौज वेळेची आहे. पहिला स्फोट चार वाजून सहा मिनिटांनीं झाला, असें पुस्तकांत असतें. पण १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशाचीं घड्याळें एक तास पुढें केलेलीं होतीं; शिवाय युद्धापूर्वींच्या प्रमाणवेळेहून ३९ मिनिटें मागें चालणारा ‘मुंबई टाइम’ शहरांत १९५५ पर्यंत तग धरून होता. तेव्हां पणजोबांच्या रोजनिशींत निराळी वेळ सांपडली, तर त्यांना खोटें ठरविण्यापूर्वीं घड्याळ कोणतें, हें पाहावें.

उपनगरांतील कागद शोधण्याची वाटही निराळी. अंधेरी व घाटकोपर १९५० सालीं, बोरिवली व मुलुंड १९५७ सालीं मुंबई महापालिकेंत आलीं. युद्धकाळांत तीं शहराबाहेर होतीं. महापालिकेच्या त्या वेळच्या दप्तरांत तीं कशीं सांपडावीं?

आणि घरचें माणूस ? त्या वेळीं शाळेंत जाणारीं मुलें आज नव्वदीच्या आसपास आहेत. आजी बोलूं लागली, कीं तिचें तेव्हांचें वय, राहण्याचें ठिकाण आणि आजची तारीख टिपून घ्यावी. स्वतः पाहिलेलें एका बाजूस, शेजाऱ्यांकडून ऐकलेलें दुसऱ्या बाजूस लिहावें. हें काम सुटीच्या पहिल्या आठवड्यांतच करावें. ग्रंथालय जूनमध्येंही उघडें असतें.