तारखेचीं दोन रूपें

आजोबांच्या जुन्या दाखल्यावर ‘५/६/४९’ ही जन्मतारीख वाचतांना आम्ही क्षणभरहि अडखळत नाहीं. संगणकाचें तसें नव्हे. ओरॅकल नामक डेटाबेसांत तारीख अक्षरांनीं साठविलेली नसते. शतकापासून सेकंदापर्यंतचे सात भाग सात बाइटांत बसविलेले असतात. म्हणून अक्षरांची तारीख करणाऱ्या ‘टू_डेट’ या आज्ञेस सांचा सांगावा लागतो. न सांगितल्यास संगणक आपल्या ठरलेल्या सांच्यानेंच वाचतो. त्यांत महिना आधीं असला कीं ५ जूनची ६ मे झालीच! दोन्ही तारखा पंचांगांत असल्यामुळें यंत्र तक्रारहि करीत नाहीं. १३ तारखेपासून पुढें मात्र तेरावा महिना न सांपडून तें अडतें, हेंच नशीब.

वर्षाचे दोनच आंकडे दिले तर अधिकच मौज. ‘आरआर’ सांच्यानें सध्यां ५० चें १९५० होतें, परंतु ४९ चें २०४९. म्हणजे आमचे आजोबा अजून जन्मावयाचेच आहेत!

उलट, तारखेचीं अक्षरें ‘टू_चार’ करते. तेथें मिनिटांस ‘एमआय’ लिहावयाचें. ‘एमएम’ म्हणजे महिना. ही गफलत झाली तर जूनमधील प्रत्येक वेळ तासावर सहा मिनिटें अशीच छापली जाते.