माळढोक : नाव आणि कायदा

'ढोक' हा शब्द मराठीत लांब पायांच्या मोठ्या पक्ष्यांना लावला जातो. त्याच्या आधी 'माळ' जोडला की या पक्ष्याचे निवासस्थान कळते. शास्त्रीय नावातील 'नायग्रिसेप्स' हे पद त्याचे काळे मस्तक सांगते, इंग्रजी नाव देश सांगते. त्याला जमीन कोणती लागते, हे मात्र मराठी नावच सांगते.

1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने माळढोकास पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. त्याची शिकार हा गुन्हाच होय, मग तो सरकारी रानात असो वा खाजगी शेतात. परंतु पक्ष्याचे रक्षण आणि त्याच्या भूमीचे रक्षण या कायद्याच्या दृष्टीने निराळ्या गोष्टी आहेत. भूमीसाठी क्षेत्र अधिसूचित करावे लागते, आणि त्यास आपण म्हणतो 'अभयारण्य'. ज्याला अरण्य नकोच, त्याला अरण्याचे अभय!

चंद्रपूर व गडचिरोली हे वनजिल्हे म्हणून ओळखले जातात. गडचिरोलीच्या दाट वनात माळढोकास जागा नाही. त्याच्या नोंदी आहेत त्या वरोरा-भद्रावतीकडील उघड्या शेतशिवारातल्या. आणि कोळशाच्या खाणी व विजेच्या तारा याच टापूत आहेत.

सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत याच्या उलट घडले. तेथे 1979 मध्ये सुमारे 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. त्यात गावे आणि पिकती शेतेही आली. स्वतःच्याच जमिनीचे व्यवहार अडलेल्या शेतकऱ्यांची तक्रार रास्त होती. मात्र न्यायालयाच्या अनुमतीवाचून अभयारण्याचे आरक्षण उठवू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 2000 पासून होता. त्यामुळे हा प्रश्न न्यायालयापुढेच न्यावा लागला. पुढे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आले.

तारांचा प्रश्न याहून बिकट आहे. माळढोक वजनाने जड, उडताना झटकन वळू न शकणारा. त्यातच त्याला समोरचे फार कमी दिसते. मादी बहुधा वर्षाकाठी एकच अंडे घालते, म्हणून एका पक्ष्याचा मृत्यूही लवकर भरून निघत नाही. निवृत्त सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह यांच्या 2019 मधील याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 19 एप्रिल 2021 रोजी तारा शक्य तेथे भूमिगत करण्यास सांगितले. सौरऊर्जेच्या कामात याने अडथळा येतो, असे केंद्र शासनाचे म्हणणे पडले. 21 मार्च 2024 रोजी तो आदेश सौम्य करून न्यायालयाने निर्णय तज्ज्ञ समितीकडे सोपविला. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्कही मान्य केला. हे दोन्ही आदेश राजस्थान व गुजरात येथील क्षेत्रांपुरते होते. वरोऱ्याच्या शिवारावरील तारा त्यांच्या कक्षेत आल्या नाहीत.