कष्ट वेगळे, व्यायाम वेगळा : मनाच्या आरोग्याविषयी संशोधन काय सांगते?

“दिवसभर राबणाऱ्या माणसाला आणखी वेगळा व्यायाम कशाला हवा?” हा प्रश्न आपल्या वस्त्यांमध्ये नेहमी ऐकायला मिळतो. बिगारी काम करणारा मजूर, पहाटे झाडू घेऊन निघणारी सफाई कामगार, चार घरची धुणीभांडी करणारी बाई यांचा घाम तर रोजच गळतो. त्यांना व्यायामाचा सल्ला देणे ही थट्टाच वाटते. परंतु मनाच्या आरोग्यावर झालेले संशोधन पाहिले, तर कष्ट आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात येते. हा फरक कष्टकरी समाजाने समजून घेणे गरजेचे आहे.

व्यायामाने नैराश्य कमी होते का?

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे जेम्स ब्लुमेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्याने ग्रासलेल्या, वय ५० किंवा त्याहून अधिक असलेल्या १५६ व्यक्ती होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले गेले. एका गटाला सर्ट्रालिन हे औषध दिले, दुसऱ्याकडून आठवड्यातून तीन दिवस देखरेखीखाली व्यायाम करून घेतला आणि तिसऱ्याला दोन्ही दिले. १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांतील ६० ते ६९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. औषधाचा गुण लवकर दिसला, व्यायामाचा सावकाश. पण शेवटी दोहोंत फारसा फरक उरला नाही.

या अभ्यासात तुलनेसाठी उपचार न घेणारा गट नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठी याच संशोधकांनी २०२ जणांचा दुसरा अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. या वेळी एका गटाला औषध नसलेली, फक्त तशी दिसणारी गोळी दिली गेली. औषध घेणाऱ्यांपैकी ४७ टक्के, देखरेखीखाली सर्वांसोबत व्यायाम करणाऱ्यांपैकी ४५ टक्के आणि घरी व्यायाम करणाऱ्यांपैकी ४० टक्के लोक बरे झाले. नुसत्या दिखाऊ गोळीवरही ३१ टक्के सावरले. म्हणजे काही जण काळाने सावरतात, तर काहींना कोणीतरी नियमित विचारपूस करते आणि बरे होण्याची आशा देते, याचाही आधार होतो.

२०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१८ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. चालणे-धावणे, योग आणि ताकदीचे व्यायाम नैराश्यात उपयोगी ठरतात, असे त्यात दिसले. मात्र कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात फक्त काटेकोर चाचण्या वेगळ्या काढल्यावर हा परिणाम बराच कमी झाला होता. तेव्हा व्यायाम उपयोगी आहे, पण ती जादू नाही, असे म्हणणेच योग्य ठरेल.

किती व्यायाम पुरेसा, याचे उत्तर दिलासा देणारे आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात, त्याच्या निम्मी म्हणजे आठवड्याला सव्वा तास भराभर चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांमध्येही नैराश्याचा धोका, अजिबात हालचाल न करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी आढळला. पूर्ण प्रमाण गाठणाऱ्यांमध्ये तो २५ टक्क्यांनी कमी होता.

घाम तोच, परिणाम वेगळा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१७ मध्ये सुमारे शंभर अभ्यास एकत्र करून पाहिले. फावल्या वेळातल्या खेळाचा आणि व्यायामाचा संबंध चांगल्या मानसिक आरोग्याशी आढळला. घरकामाचा तसा फायदा दिसला नाही. आणि रोजगारासाठी केलेल्या अंगमेहनतीचा संबंध उलट मानसिक त्रासाशी जोडलेला दिसला. अशा अभ्यासांतून कारण सिद्ध होत नाही. अंगमेहनतीच्या कामासोबत कमी मजुरी, नोकरीची अनिश्चितता आणि अपमानही येतो, हे विसरून चालणार नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट होते : मनाला बरे वाटण्यासाठी नुसता घाम पुरेसा नसतो.

असे का होत असावे? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेला सिद्धांत क्रीडा मानसशास्त्रात मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. त्यांच्या मते माणसाच्या मनाला तीन गोष्टी लागतात : आपल्या मर्जीने काही करणे, आपल्याला ते जमते आहे हा अनुभव आणि माणसांशी जिव्हाळ्याचे नाते. मैदानावर कबड्डी खेळणाऱ्या मुलीला या तिन्ही गोष्टी मिळतात. मुकादमाच्या हुकमावर पाट्या उचलणाऱ्या तिच्या आईला त्यातले काय मिळते?

नामवंत खेळाडूंकडे पाहिले तरी हेच दिसते. त्यांच्या शरीराला व्यायामाची कमतरता नसते. तरीही टोकियो ऑलिंपिकमध्ये सिमोन बाइल्सने मानसिक कारणामुळे अनेक अंतिम स्पर्धांतून माघार घेतली. बीजिंगमध्ये सुवर्णपदक जिंकल्यानंतर आपल्याला मानसिक संकटाला सामोरे जावे लागले, असे अभिनव बिंद्रा यांनी जाहीरपणे सांगितले आहे. खेळाडूंच्या मानसिक आरोग्याकडे शारीरिक दुखापतीइतकेच लक्ष द्यावे, अशी भूमिका आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये घेतली. भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही हे लागू आहे. १६०० मीटरची वेळ मोजणारे अनेक असतात. निकालानंतर त्यांच्या मनाची चौकशी कोण करतो?

हा फक्त व्यक्तीचा प्रश्न नाही

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) आपल्या देशात वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांपासून वंचित राहतात. अशा वेळी कमी खर्चाचा व्यायाम हा मोठा आधार ठरू शकतो. पण त्यासाठी मोकळा वेळ, सुरक्षित जागा आणि सोबत लागते. नेमक्या याच तीन गोष्टी कष्टकऱ्यांना, त्यातही स्त्रियांना, सर्वांत कमी मिळतात. म्हणून वस्तीतले मैदान, रस्त्यावरचे दिवे, कामाचे मर्यादित तास आणि घरकामाची वाटणी हे मानसिक आरोग्याचेच मुद्दे आहेत.

धम्म परंपरेला चालण्याचे महत्त्व नवे नाही. अंगुत्तर निकायातील चंकम सुत्तात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. त्यांत निरोगी शरीरही आहे आणि टिकून राहणारी एकाग्रताही. विहाराच्या आवारातून संध्याकाळी दहा-पंधरा महिलांचा गट अर्धा तास चालायला निघाला, मुलींसाठी आठवड्यातून दोन दिवस मैदान राखून ठेवले, तर त्यासाठी फार पैसा लागणार नाही.

एक सावधगिरी आवश्यक आहे. चालू असलेली औषधे व्यायामाच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नयेत. गंभीर नैराश्यात अंथरुणातून उठणेही कठीण असते. अशा माणसाला “आळस सोड, पळायला जा” असे सुनावणे त्याचे दुःख वाढवते. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नये. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असून तिथे मराठीतही मोफत बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक विहाराच्या आणि अभ्यासिकेच्या फलकावर लिहिलेला असावा.