पावसाळ्यांतील एकाकी सायकलप्रवास

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. शाळेची वा कचेरीची वाट तेव्हां पायांना पाठ असे, आणि सरीनें गांठलें तर ओळखीच्या ओसरीवर उभें राहतां येई. हल्लींचे हौशी तरुण-तरुणी सुटीच्या पहांटे एकट्यानेंच निघतात, आणि पिरंगुट, पौड मागें टाकून मुळशीच्या धरणाकांठानें ताम्हिणी घाटाकडे वळतात. हा छंद उत्तमच आहे. मात्र त्यांतील धोक्याविषयीं घरच्या मंडळींची कल्पना पुष्कळदां अपुरी असते. निसरड्या रस्त्याची व भरधाव मोटारींची भीति सर्वांनाच वाटते. थंडीची सहसा कोणाला वाटत नाहीं.

पुणें शहरांत वर्षाकाठीं सरासरी सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून साठएक किलोमीटरांवरील ताम्हिणीस तोच कित्येक हजार मिलिमीटर होतो. म्हणूनच वेधशाळा पुणें जिल्ह्यांतील घाटभागास शहराहून निराळा इशारा देते. खिडकींतून दिसणाऱ्या आकाशावर भिस्त ठेवणें व्यर्थ होय.

वाऱ्याचेंहि गणित आहे. पावसाळी वारा पश्चिमेच्या बाजूनें येतो. घाटाकडे जाणारा तो छातीवर घेतो, व परततांना तोच वारा त्याला पाठीवर हात देऊन घरीं आणतो. सोलापूरच्या रस्त्यानें पूर्वेस निघालेल्याची गत उलट होते. सकाळीं तो वाऱ्याचें बळ आपलेंच समजतो आणि दुपारीं, थकल्यावर, त्याचें व्याज फेडतो. अंगावर येणाऱ्या हवेचा वेग दुप्पट झाला कीं तिचा विरोध चौपट होतो, हें शाळेंत शिकलेलें तेव्हां पायांना कळतें.

खरी कसोटी उतारावर लागते. चढ चढतांना अंग घामानें व पावसानें भिजतें, तरी श्रमाच्या उष्णतेमुळें तें जाणवत नाहीं. उतार लागतांच पाय थांबतात, वेग वाढतो आणि वारा ओल्या कपड्यांतून थेट शिरतो. पाणी शरीराची उष्णता स्थिर हवेपेक्षां सुमारें पंचवीस पट वेगानें ओढून घेतें. बोटें बधिर होऊं लागतात. नेमक्या त्याच वेळीं ब्रेक अधिक जोरानें दाबावे लागतात, कारण चाकाच्या ओल्या कडेवरील पाणी पुसलें जाईपर्यंत रबर धरत नाहीं. (चकतीच्या ब्रेकांना हा दोष कमी.) शरीराच्या आंतील उष्णतामान ३५ अंश सेल्सिअसच्या खालीं गेलें कीं प्रकृतीस धोका सुरू होतो, त्याला बर्फच पाहिजे असें नाहीं, पाऊस व वारा पुरेसे असतात. कांपरें भरतें, बोलणें अडखळतें आणि विचारशक्ति मंदावते. सोबत कोणी असेल तर तो हें ओळखून थांबवितो. एकट्याला मात्र आपण ठीक आहोंत असेंच वाटत राहतें.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या तरुणीनें २०१८ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थहून निघून सुमारें २९,००० किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलीवर केली, व तीहि बव्हंशीं एकटीनें. कोलकात्यास तें अंतर पुरें झालें तेव्हां १५९ दिवस लोटले होते आणि तिचें वय अवघें वीस होतें. कॅनडांत अस्वल पाठीस लागलें, स्पेनमध्यें चोरांनीं चाकूच्या धाकानें लुबाडलें, आणि रशियांत उणे वीस अंशांच्या थंडींत बर्फावर तंबू ठोकून रात्री काढाव्या लागल्या. अस्वल व चोर डोळ्यांना दिसतात. उणे वीस अंशांत जाणारा मनुष्यहि तयारीनिशीं जातो. वीस अंशांच्या पावसांत पातळ सदरा घालून जाणाऱ्याला मात्र आपण थंडींत चाललों आहोंत हेंच ठाऊक नसतें.

तेव्हां परत फिरण्याचा निर्णय घाटांत घ्यावयाचा नसतो. डोकें ताजें असतांना, घरींच, घ्यावयाचा असतो. अमुक वाजेपर्यंत माथा गांठला नाहीं, किंवा हातांनीं ब्रेक पुरता दाबला जाईनासा झाला, कीं मागें वळावयाचें. जलाभेद्य पिशवींत एक कोरडा सदरा, हातमोजे व गुळाचा खडा असावा. उतार लागण्यापूर्वीं सदरा बदलून वर वाऱ्यास अडविणारें जाकीट चढवावें. घरच्यांजवळ रस्ता व परतण्याची वेळ लिहून ठेवावी. घाटांत भ्रमणध्वनि पुष्कळ ठिकाणीं मुका होतो, यास्तव जातां-येतां पौडहून निरोप द्यावा. ठरल्या वेळेनंतर तासभर निरोप आला नाहीं तर घरच्यांनीं संकोच न धरतां ११२ या क्रमांकावर कळवावें, आणि कागदावर लिहिलेला रस्ता वाचून सांगावा.