तापलेली हवा आणि उशिराची ठिणगी

एप्रिल उजाडला की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी सातला बोरघाट हसतखेळत चढलेली गाडी दुपारी दीडला त्याच चढावर ओढत नाही आणि ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून खडखड ऐकू येते. या खडखडीचं खापर हल्ली पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर फोडलं जातं. मायलेज घटल्याबद्दल इथेनॉलला हवं तेवढं बोला, पण या खडखडीच्या, म्हणजे नॉकिंगच्या बाबतीत ते निर्दोष आहे; मुळात ते नॉकिंग दाबणारंच इंधन. संशयित शोधायचा तर बॉनेटखाली तापलेल्या हवेकडे बघावं.

आधी ठिणगीचा हिशेब. मिनिटाला ३००० फेरे घेणारं इंजिन एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतं. सिलिंडरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण जळून संपायला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या वीस-तीस अंश आधीच ठिणगी पाडावी लागते, म्हणजे दाबाचा खरा जोर पिस्टन खाली निघता निघता मिळतो. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत हे काम ड्रायव्हर स्वतः करायचा. स्टिअरिंगच्या डावीकडे त्यासाठी एक दांडी होती. हँडल मारून गाडी सुरू करताना ही दांडी मागे घ्यायला विसरलं, तर इंजिन उलटा झटका द्यायचं आणि मनगट मोडायचं. त्या काळचे ड्रायव्हर टायमिंग शिकले ते असे!

आता उन्हाचा हिशेब. मिश्रण दहापट दाबलं की त्याचं निरपेक्ष तापमान ढोबळमानाने दुपटीहून थोडं जास्त होतं. २७ अंशांची हवा आत घेतली तर ती ३७० अंशांच्या आसपास पोचते. ट्रॅफिकमध्ये उभं राहून तापलेल्या इंजिनाजवळची ५७ अंशांची हवा घेतली तर पोचते ४३० च्या आसपास. दाराशी ३० अंशांचा असलेला फरक आत ६० च्या पुढे जातो. शिवाय इंधनाची आपोआप पेट घेण्याची घाई तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. ती उसळत वाढते. गरम हवा विरळ असल्यामुळे ताकद नऊ-दहा टक्के घटते ती वेगळीच, पण इंजिनाचं नुकसान करते ती ही घाई.

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढपी पहिल्या पानापासून निघाले आहेत. म्हणजे ठिणगीपासून निघालेली ज्वाळा. शेवटची ओळ उपाशी बसली आहे. वाढपी पुढे सरकतात तसे मागचे लोक ऐसपैस होतात, कारण जळालेला वायू फुगतो, आणि शेवटची ओळ भिंतीशी चेपली जाते. मुहूर्त वेळेवर लागला असेल तर ही मंडळी कळ काढतात. लांबला असेल, भूक आधीच खवळली असेल, तर वाढपी पोचायच्या आत अख्खी ओळ एकदम उठते. नॉकिंग म्हणजे ते उठणं. ज्वाळा पोचण्याआधी शेवटचं मिश्रण एकाच क्षणी पेटतं, दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि सेकंदाला सहा-सात हजार कंपनांनी धातू वाजू लागतो. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे सोशिक पाहुणे. इथेनॉलचं काम ताकाचं: बाष्प होताना ते किलोमागे पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं आणि सगळ्यांनाच थंड करतं. ठिणगी उशिरा टाकणं म्हणजे मांडवाची कनात मागे सरकवायला लागल्यावर वाढप सुरू करणं. पिस्टन खाली निघालेला असतो, जागा वाढत असते, त्यामुळे शेवटच्या ओळीवर पहिल्याइतका रेटा येत नाही.

नॉकिंगचं हे कोडं सोडवणाऱ्यांत इंजिन-अभियंता हॅरी रिकार्डोचं नाव बऱ्यापैकी घेतलं जातं, आणि ते रास्तच आहे. शेवटचं मिश्रण चेपलं जाऊन आपोआप पेटतं, ही मांडणी त्याने पक्की केली. पण केंब्रिजमध्ये त्याला या वाटेवर आणणाऱ्या बर्ट्रम हॉपकिन्सनला मोटारींच्या इतिहासात कोपरासुद्धा मिळत नाही. ठिणगीच्या आधीच तापलेल्या पृष्ठभागामुळे मिश्रण पेटणं आणि ठिणगीनंतर शेवटच्या मिश्रणाने धडका देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे हॉपकिन्सनने ओळखलं. त्याआधी सगळेच दोन्हींची सरमिसळ करत. क्षणभंगुर घाव मोजण्याचं त्याला वेडच होतं. गोळीचा किंवा स्फोटाचा दाब पोलादी दांड्यातून मोजायची पद्धत त्याने १९१४ मध्ये मांडली. तो हॉपकिन्सन बार सुधारित रूपात आजही प्रयोगशाळांत वापरतात. ऑगस्ट १९१८ मध्ये स्वतः विमान चालवत असताना अपघातात तो गेला, अवघ्या ४४ व्या वर्षी.

पण प्रसिद्धी मिळाली ती खडखडीवर उपाय शोधणाऱ्या अमेरिकी अभियंता थॉमस मिजलीला. लाल रंगाचं इंधन उष्णता जास्त शोषेल आणि खडखड थांबेल असं १९१६ मध्ये त्याच्या मनाने घेतलं. हाताशी लाल रंग नव्हता म्हणून आयोडीन टाकलं, आणि आवाज खरंच कमी झाला. मग खरे लाल रंग टाकून पाहिले, तर काहीच होईना! तर्क साफ चुकीचा, गुण आयोडीनचा. त्याच वाटेने १९२१ मध्ये तो शिशाच्या संयुगापाशी पोचला आणि पुढची कित्येक दशकं जगाने शिसं श्वासात घेतलं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं. उशिरा पडणारी ठिणगी कोणाच्या फुप्फुसात जात नाही, पण तिची जाहिरात कोण करणार?

आजच्या गाडीत हवेच्या वाटेवर एक छोटा सेन्सर असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध घटतो. हा गुणधर्म फॅरेडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. सेन्सरचा आकडा पाहून संगणक आपल्या कोष्टकानुसार ठिणगी काही अंश मागे घेतो. बहुतेक मोटारींत त्याच्या जोडीला नॉक सेन्सर असतो. तो इंजिनाच्या अंगाला कान लावून बसतो आणि खडखड सुरू होताच ठिणगी आणखी मागे ओढतो. बऱ्याच लहान दुचाकींत हा कान नसतो, तिथे भिस्त कोष्टकावरच. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत इंजिनाच्या वेगानुसार आणि भारानुसार ठिणगी हलायची. हवा तापली आहे हे त्या यंत्रणेला कळतच नसे.

ठिणगी मागे घेण्याची किंमत द्यावी लागते, पण ती समान हप्त्यांत नाही. पहिल्या तीन-चार अंशांना ताकद जेमतेम घटते. पुढचा प्रत्येक अंश महाग पडत जातो, आणि उशिरा जळलेल्या मिश्रणाची उष्णता चाकांकडे न जाता सायलेन्सरच्या वाटेने निघून जाते. उन्हात गाडी मरगळल्यासारखी वाटते यामागे विरळ हवेबरोबर हेही कारण आहे. ती बिघाडाची खूण नाही. इंजिन स्वतःला जपतंय.

म्हणून या मरगळीवर विकले जाणारे उपाय जरा डोळे उघडे ठेवून घ्यावेत. बॉनेटखाली बसवायचा चकचकीत उघडा फिल्टर ‘थंड हवा’ म्हणून विकला जातो, पण आजूबाजूला आडोसा नसेल तर तो रेडिएटरमागची तापलेली हवाच ओढतो. कंपनीचा कुरूप प्लास्टिकचा डबा पुष्कळदा पुढून, बाहेरून हवा घेतो आणि उन्हाळ्यात तोच बरा. महागड्या ऑक्टेनचा फायदा ठिणगी पुन्हा पुढे नेऊ शकणाऱ्या गाडीला. बाकीच्यांनी मॅन्युअलमध्ये लिहिलेलं पेट्रोल भरावं. आणि दुपारी घाटात खडखड ऐकू आलीच, तर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबत राहू नका. एक गिअर खाली उतरवा. इंजिनाचे फेरे वाढले की शेवटच्या मिश्रणाला आपोआप पेटायला वेळच उरत नाही, आणि त्याला पैसेही पडत नाहीत.